स्टिअरिंग जड लागतं, म्हणून सिद्ध काय झालं?

आमच्या धंद्यातल्या एका जाणत्या गृहस्थांनी गेल्या हिवाळ्यात चहाच्या टपरीवर एक सिद्धान्त मांडला. मोअरचं स्टिअरिंग जड झालं की ऑर्बिट्रोल बदलावा. नाही सुटलं तर पंप बदलावा. तरी नाही सुटलं तर सिलिंडर. "वस्तूच तीन आहेत, चौथ्यांदा चुकायला जागा कुठे?" असं ते म्हणाले आणि सगळे हसले. मीही हसलो. घरी जाताना मात्र लक्षात आलं की हा विनोद नव्हताच. आमच्या निम्म्या वर्कशॉपांत रोज हेच चालतं, फक्त बोलून कुणी दाखवत नाही. गृहस्थ माझ्याहून वयाने मोठे आहेत, त्यांचा हात माझ्याहून सफाईदार आहे आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. त्यांचं म्हणणं मात्र मुळापासून चुकीचं आहे, आणि ते चुकीचं का आहे हे टपरीवर सांगून होण्यासारखं नव्हतं.

आधी यंत्राबद्दल थोडं. गोल्फच्या मैदानावर फेअरवे कापायला जी बसून चालवायची मोअर असतात, त्यांत पुढे रील किंवा डेक लटकतात आणि वळतात ती मागची चाकं. चालकाच्या हातातलं चाक आणि मागची चाकं यांच्यात लोखंडाचा कसलाही दुवा नाही. मध्ये आहे ते फक्त ऑइल. चालक चाक फिरवतो, तेव्हा स्टिअरिंगच्या दांड्याखाली बसवलेलं युनिट तेवढंच मोजून ऑइल सिलिंडरच्या एका बाजूला पाठवतं आणि दुसऱ्या बाजूचं परत घेतं. या युनिटला आपल्याकडे सरसकट ऑर्बिट्रोल म्हणतात. मूळचं ते व्यापारी नाव. वनस्पती तुपाचं जसं डालडा झालं, तसंच हे झालं. ऊसतोडणीच्या आणि गहू कापायच्या मोठ्या यंत्रांतही हीच जात आहे, त्यामुळे पुढचं बरंचसं तिथेही लागू पडेल.

आता मुद्दा. 'जड लागतं' ही चालकाच्या मनगटाची तक्रार आहे. ती कुठल्या भागाचं नाव सांगत नाही. पोटात दुखतंय असं सांगणाऱ्या माणसाचं अपेंडिक्स काढून, नाही थांबलं तर पित्ताशय काढू, असं म्हणणाऱ्या डॉक्टरकडे आपण दुसऱ्यांदा जाऊ का? इथे मात्र जातो, कारण काढलेला भाग लोखंडाचा असतो आणि त्याचं बिल दुसऱ्या कुणाच्या तरी खात्यात पडतं.

गृहस्थांच्या सिद्धान्ताच्या बुडाशी एक गैरसमज आहे, आणि तो त्यांच्या एकट्याचा नाही. पंप प्रेशर तयार करतो, असं आपण सगळेच बोलतो. पंप प्रेशर तयार करत नाही. पंप फक्त ऑइल ढकलतो, मिनिटाला अमुक इतके लिटर. वाटेत अडथळा आला की प्रेशर चढतं, आणि रिलीफ व्हॉल्व्हला लावलेल्या मर्यादेपर्यंतच चढतं. अडथळा नसेल तर उत्तम पंपाचं गेजही तळाशी पडून राहील. एवढं एक वाक्य डोक्यात नीट बसलं की 'जड' या शब्दाचे दोन तुकडे पडतात. ऑइल कमी पडतंय, की अडथळा वाढलाय? ऑइल कमी पडत असेल तर इंजिन हळू असताना स्टिअरिंग जड आणि वेग वाढवला की हलकं होतं. रिलीफ अडकलेला किंवा कमी लावलेला असेल तर वेग वाढवूनही फारसा फरक पडत नाही. चाकंच अडकत असतील तर गेज रिलीफपर्यंत सरळ चढतं, म्हणजे हायड्रॉलिक आपलं काम चोख करत असतं आणि दोष असतो ग्रीसच्या डब्यात. या तिन्ही गोष्टी मनगटाला सारख्याच लागतात. त्या वेगळ्या करायला पंप आणि युनिट यांच्यामधल्या प्रेशर लाइनमध्ये एक टी आणि तिला एक गेज लागतं, बस्स. एका नव्या युनिटच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ आहे.

गेज लावलं तरी ते वाचायचं कधी, हे कळायला हवं. स्टिअरिंग सरळ ठेवून यंत्र उभं असताना गेज पाहणारे आणि "प्रेशरच नाही, पंप गेला" असं जाहीर करणारे मी पाहिले आहेत. अहो, अडथळाच नाही तर प्रेशर येणार कुठून? चाक शेवटच्या टोकापर्यंत फिरवायचं, तिथे चार-पाच सेकंद दाबून धरायचं, आकडा वाचायचा आणि सोडायचं. या जातीच्या लहान यंत्रांत तो आकडा साधारण ७० ते १०० बारच्या आसपास येतो, पण खरा आकडा त्या यंत्राच्या पुस्तिकेतूनच घ्यावा. चार-पाच सेकंदांहून जास्त का धरायचं नाही, तर रिलीफवरून उडणाऱ्या ऑइलची सगळी शक्ती उष्णता होते. ८० बारला मिनिटाला १० लिटर म्हणजे सुमारे १३०० वॅट. घरातली इस्त्री ऑइलच्या टाकीत सोडून दिल्यासारखंच.

उष्णतेवरून एक गोष्ट सांगतो. ज्या मैदानावर ती घडली त्याचं नाव इथे नको.

तिथल्या एका फेअरवे मोअरचं स्टिअरिंग दुपारी जड व्हायचं. सकाळी साडेपाचला शेडमधून निघताना ठीक, अकराच्या पुढे चालक दोन्ही हातांनी ओढतोय. वर्कशॉपने यंत्र आत घेतलं, शिस्तीत धुतलं (उघडण्यापूर्वी यंत्र धुवावं, हे बरोबरच आहे), युनिट बदललं आणि बाहेर काढलं. स्टिअरिंग दुपारीही हलकं राहिलं. सगळे खूश झाले. दोन-अडीच आठवड्यांनी तक्रार जशीच्या तशी परत आली. मग नियमाप्रमाणे पंपाची पाळी. पंपाची मागणी लिहून झाली होती, तेवढ्यात मी दुसऱ्याच कामासाठी तिथे गेलो आणि गेज लावून पाहू द्या म्हटलं. थंड असताना आकडा पुस्तिकेप्रमाणे. दीड तास कापून आल्यावर इंजिन हळू असताना आकडा घसरलेला, पूर्ण वेगाला पुन्हा ठीक. याचा अर्थ ऑइल कमी पडतंय, तेही फक्त तापल्यावर. टाकीजवळ तापमान मोजलं तर ९५ अंशांच्या वर. ऑइल कूलरकडे पाहिलं. जाळीत वाळक्या गवताचा आणि धुळीचा नमदा बसलेला, बोटाने सोलता येईल इतका जाड.

४६ ग्रेडचं ऑइल म्हणजे ४० अंशांना ज्याचा दाटपणा ४६ असतो ते. १०० अंशांना तोच दाटपणा सातच्या आसपास उतरतो. शेंगदाण्याचं तेल आणि पाणी यांच्यात जेवढा फरक, त्या वाटेवर ते बरंच पुढे गेलेलं असतं. अशा पातळ ऑइलला पंपातल्या थोड्याशा झिजेतूनही मागे गळायला वाट मिळते, आणि इंजिन हळू असलं की गळतीच निम्मं खाऊन टाकते. आम्ही फक्त कूलर साफ केला. बाकी कशालाही हात लावला नाही. दुपारी दोनला तेच यंत्र एका हाताने वळत होतं.

मग पहिल्या वेळी काय झालं होतं? यंत्र धुतलं होतं. पाण्याच्या फवाऱ्याने कूलर मोकळा झाला आणि श्रेय नव्या युनिटला मिळालं. कावळा बसला आणि फांदी तुटली. मी तिथे गेलो नसतो, तर पंप बदलण्यापूर्वी यंत्र पुन्हा धुतलं गेलं असतं, पुन्हा हलकं झालं असतं, आणि 'पंपच होता बघा' असं सगळ्यांनी शपथेवर सांगितलं असतं. भाग बदलून निदान करण्याच्या पद्धतीवर माझा आक्षेप इथे आहे. खर्च ही नंतरची गोष्ट. एक भाग बदलताना आपण नकळत आणखी पाच गोष्टी बदलतो. यंत्र धुतो, ऑइल नवं घालतो, फिल्टर टाकतो, होस घट्ट करतो, हवा काढतो. त्यांतल्या कशामुळे यंत्र सुधारलं हे मग ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. आणि पुढच्या यंत्राला आपण चुकून शिकलेला धडा पाजतो.

प्रामाणिकपणे सांगायचं तर त्या पंपात झीज होती. नव्या पंपाचा आकडा गरम असताना तेवढा घसरला नसता. पण तो पंप पुढचा अख्खा हंगाम चालला, दर दोन दिवसांनी कूलरवर हवा मारून.

गृहस्थांचा सगळ्यात जोरकस मुद्दा वेळेचा आहे, आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. शनिवारी स्पर्धा, शुक्रवारी दुपारी यंत्र उभं, साहेबांचे फोन. अशा वेळी कोण गेज लावत बसणार? कबूल. पण मग घड्याळच लावू. युनिट बदलायचं म्हणजे दांड्याभोवतीचं आवरण खोलायचं, चार होस सोडायच्या (काही यंत्रांत पाच), त्या चुकून उलट्यासुलट्या न लावता परत जोडायच्या, हवा काढायची. सराईत हाताला अर्धा दिवस. त्याआधी ऑइलची पातळी पाहायला एक मिनिट. मागच्या टायरांतली हवा पाहायला तीन मिनिटं, आणि जड स्टिअरिंगचं ते एक अगदी साधं कारण असतं. मागचा भाग जॅकवर घेऊन सिलिंडरची पिन काढायची आणि चाकं हाताने इकडून तिकडे वळवून पाहायची, याला फार तर वीस मिनिटं. हाताने वळत नसतील तर किंगपिनचे बुश सुकलेत किंवा बेअरिंग जाम झालंय, आणि जगातलं कुठलंही युनिट ते बरं करणार नाही. त्याच्याही आधी चालकाला दोन प्रश्न विचारायचे. रील उचलायला पूर्वीपेक्षा वेळ लागतो का? चढावर गाडी दमते का? बऱ्याच यंत्रांत स्टिअरिंग, लिफ्ट आणि चाकांच्या हायड्रोस्टॅटिकला पुरवलं जाणारं ऑइल एकाच पंपातून येतं. तिन्ही ठिकाणी रड असेल तर दोष मुळाशी आहे, ऑइलमध्ये, सक्शनमध्ये किंवा पंपात. एकट्या स्टिअरिंगचीच तक्रार असेल तर पंप बहुधा निर्दोष आहे. या प्रश्नांना अवजार लागत नाही आणि वेळही लागत नाही. लागते ती चालकाचं ऐकून घ्यायची तयारी, आणि ती आपल्याकडे दुर्मीळ आहे. मिस्त्री चालकाला विचारत नाही, विचारलं तर मान खाली येते ना!

सक्शनचा उल्लेख आलाच आहे, तर एक गोष्ट. प्रेशरच्या बाजूला गळती असेल तर ऑइल बाहेर येतं आणि दिसतं. सक्शनच्या बाजूला ढिला क्लिप असेल तर हवा आत जाते आणि बाहेर थेंबही पडत नाही. पंप किंचाळतो, स्टिअरिंग हिसके देतं, टाकीत फेस येतो. "पंपाचा आवाज येतोय" म्हणून पंप बदलला जातो आणि तोच क्लिप नव्या पंपावर पुन्हा तेवढाच ढिला बसतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. ऑइल दुधासारखं दिसलं तर बरणीत काढून रात्रभर ठेवावं. हवा असेल तर सकाळपर्यंत निवळतं, पाणी मिसळलं असेल तर बहुधा दुधाळच राहतं. आणि गळती कुठून आहे हे होसवरून बोट फिरवून शोधायची सवय ज्यांना आहे, त्यांनी ती आजच सोडावी. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून येणारी धार कातडीखाली शिरते. जखम ठिपक्याएवढी दिसते, पण आत बोट सडू शकतं. पुठ्ठा धरावा. तरीही लागलंच, तर मलम लावून घरी न जाता तडक शस्त्रक्रियेची सोय असलेल्या इस्पितळात जावं.

दुसरा मुद्दा त्यांनी नाही, पण तिथेच बसलेल्या एका तरुण फिटरने मांडला होता. बदलायचं नसेल तर उघडून तरी पाहावं. त्याचा उत्साह मला आवडला, पण हे बदलण्याहून वाईट. युनिटच्या आत स्पूल आणि स्लीव्ह एकमेकांत इतक्या बारीक फटीने बसतात की तिच्यापुढे केसही जाड ठरतो. शेडच्या लोखंडी बाकावर, वारा सुटलेला असताना, चिंधीने पुसत ते उघडणं म्हणजे नसलेला दोष आत पेरणं. आणि जोडताना आतल्या रोटरचा आणि दांड्याचा मेळ एका दात्याने चुकला तर? इंजिन सुरू करताच स्टिअरिंगचं चाक आपोआप गरगर फिरू लागतं. मी ते एकदा पाहिलंय. चाकावर कुणाचा हात नव्हता म्हणून मनगट वाचलं. उघडू नये असं मी म्हणत नाही. सील किट मिळतात आणि स्वच्छ जागी, पुस्तिका समोर ठेवून, खुणा करून ते काम चांगलं होतं. पण आधी युनिटवर आरोप सिद्ध व्हावा.

तो सिद्ध करणं अवघड आहे का? सिलिंडरपासून सुरुवात करावी. रॉड पूर्ण बाहेर येईल असं वळवून इंजिन बंद करायचं. रॉडच्या बाजूची होस सोडून ती होस बुचाने बंद करायची आणि सिलिंडरचं तोंड उघडं ठेवून त्याखाली डबा धरायचा. इंजिन हळू चालवून चाक त्याच दिशेला दाबायचं. पहिले थेंब निथळून गेल्यावरही त्या तोंडातून ऑइल येतच राहिलं तर पिस्टनचा सील गेलेला आहे. कोरडं राहिलं तर सिलिंडर सुटला. पंपाचा निकाल गेजवर लागलेला असतो. उरतं ते युनिट, आणि मग खुशाल बदला. तीनच वस्तू आहेत हे गृहस्थांचं म्हणणं मला इथे उपयोगी पडतं. तीनच असल्यामुळेच एकेक वगळत जाणं इतकं सोपं आहे.

या सगळ्याहून जास्त चुरचुरतं ते वेगळंच. धडधाकट युनिट बाद होतात, कारण त्यांचा स्वभाव दोष समजला जातो. उदाहरणार्थ, चाकावरची मूठ सरळ चालताना कधी डावीकडे तर कधी उजवीकडे येते. लोखंडी दुवाच नसल्यामुळे ती तशी सरकणारच, पण 'अलाइनमेंट गेलंय' म्हणून तक्रार होते. टोकाला पोचल्यावरही जोर लावला तर चाक हळूहळू सरकत राहतं. थोडी अंतर्गत गळती या रचनेतच आहे, आणि पुस्तिकेत मर्यादा दिली असेल तर तिच्याशी ताडून पाहावं. सगळ्यात गमतीची तक्रार म्हणजे डावीकडे जास्त फेऱ्या लागतात, उजवीकडे कमी. हिशेब करून पाहा. सिलिंडरचा बोअर ४० मिलिमीटर, रॉड २० मिलिमीटर, स्ट्रोक २०० मिलिमीटर धरा. रॉड बाहेर काढायला २५१ घन सेंटिमीटर ऑइल लागतं आणि आत घ्यायला १८८, कारण त्या बाजूची जागा रॉडने व्यापलेली असते. युनिट फेरीला ८० घन सेंटिमीटर देत असेल तर एकीकडे तीनहून थोड्या जास्त फेऱ्या आणि दुसरीकडे अडीचहून कमी. हा दोष नाही, भूमिती आहे. जोराचंही तसंच. ८० बारला बाहेर ढकलताना सुमारे १००० किलोचा जोर मिळतो, आत ओढताना साधारण ७७०. म्हणून प्रेशर खरोखरच कमी पडू लागलं तर आत ओढायची बाजू आधी जड होते. ही चांगली खूण आहे, वाचता आली तर. मात्र दोन्ही बाजूंना रॉड असलेला सिलिंडर असेल तर फेऱ्या सारख्याच हव्यात, तिथे फरक आला की शोध घ्यावा. म्हणजे तक्रार तीच, पण एका यंत्रात ती निरर्थक आणि दुसऱ्यात पुरावा. आकृती न पाहता हे कसं ठरवणार?

"चाळीस वर्षं कानाने पंप ओळखतोय," असं गृहस्थ म्हणाले होते. ओळखतात, मला माहीत आहे. मी त्यांना कानाने बेअरिंग ओळखताना पाहिलंय आणि ते बरोबर निघालं होतं. पण कान शंका घेतो, आकडा सांगत नाही. शिवाय तो कान त्यांच्या हाताखालच्या पोराला मिळत नाही. त्या पोराला मिळतो तो फक्त क्रम, आधी युनिट, मग पंप, मग सिलिंडर. वस्तादाच्या क्रमाला निदान त्याच्या कानाची सोबत असते. तोच क्रम शिष्याकडे येतो तेव्हा मागे काहीच उरलेलं नसतं.

बदलून पाहणं प्रत्येक वेळी चूक असतं असंही नाही. शेजारी त्याच मॉडेलचं चालू यंत्र उभं असेल, त्याचा एकच भाग काढून इथे लावला, बाकी काही हलवलं नाही आणि दोष त्या भागाबरोबर इकडून तिकडे गेला, तर ती खरी चाचणी झाली. फरक एवढाच की तिथे दोन्ही यंत्रांचं उत्तर पाहिलं जातं. दुकानातून नवा भाग आणून जुना भंगारात टाकला, की जुन्याला कुणी काही विचारतच नाही.

मी विचारलं. कूलर साफ केल्यावर आठवड्याभराने त्याच मैदानावर दुसऱ्या मोअरच्या युनिटमधून खरोखरच ऑइल गळू लागलं, दांड्याच्या सीलमधून. हिरवळीवर करपलेला तपकिरी पट्टा उमटला. साहेबांना स्टिअरिंग दिसत नाही, पट्टा दिसतो, त्यामुळे धावपळ झाली. नवा भाग यायला दहा दिवस होते. मी स्टोअरच्या फळीवरून पहिल्या यंत्राचं काढलेलं युनिट मागवलं. त्यावर लाल रंगाने ठळक 'खराब' असं लिहिलेलं होतं. होसांची तोंडं बंद केलेली होती हे नशीब. ते बसवलं, हवा काढली, तापेपर्यंत कापून आलो आणि गेज पाहिलं. आकडा पुस्तिकेतला. नवा भाग आला तेव्हा तो फळीवर ठेवला गेला आणि ते मोअर अजूनही त्या लाल अक्षरांच्या युनिटवर चाललं आहे. अक्षरं पुसायला कुणाला सवड झालेली नाही.